बाईंच्या फाइलीसाठी चार पट्ट्या

पेणला माझं मराठी टायपिंगचं दुकान होतं आणि त्यात एकच जुना कंप्युटर. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. मी त्यांना बाई म्हणायची. बाई ज्यू, त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला गेलेली. कुठल्या गावात कोणाची कबर आहे, तो माणूस कोण होता, हे त्या वर्षभर सांगत होत्या आणि मी थेट टाइप करत होते. आता मुलानं त्यांनाही बोलावलं होतं. छापलेले कागद त्यांना बरोबर न्यायचे होते.

जायला चार दिवस उरले आणि फाइल उघडेना. निम्मी यायची, मग सगळं गोठायचं.

दुरुस्तीवाला म्हणाला, "मेमरी कमी पडते. आणखी चार पट्ट्या लागतील. पण असल्या जुन्या आता पेणात नाय मिळायच्या."

रोह्याला एक जण कंपन्यांचे मोडीत निघालेले कंप्युटर घ्यायचा. मी पॅसेंजरनं त्याच्याकडे गेले. त्यानं धुळीतून चार पट्ट्या काढल्या, खोडरबरानं पुसल्या. म्हणाला, "चारही चालल्या पायजेत. एक जरी मेली तरी मशीन उठणार नाय."

दुकानात येऊन बसवल्या. तीनदा पीं झालं, पडदा काळाच. काढल्या, पुन्हा बसवल्या, जागा बदलल्या. बोटं सोलली. बाई दारात उभ्या होत्या.

"जमतंय काय गो?"

"जमेल, बाई."

मला रडू येत होतं. दुसऱ्या दिवशी रोह्याचं दुकान बंद. बाई निघायच्या दिवशी त्यानं एक पट्टी बदलून दिली, पण परतीची गाडी कासूला अडकून पडली. मी पोचले तेव्हा बाईंच्या घराला कुलूप होतं. त्यांची टॅक्सी आधीच निघाली होती.

त्या संध्याकाळी फाइल उघडली. मी अधाशासारखी खाली खाली गेले. शेवटची पानं नव्हती. बाईंनी स्वतःच्या नवऱ्याबद्दल सांगितलेली. सेव्ह होण्याआधीच मशीन अडकलं असणार.

होतं तेवढं छापून पाठवलं. त्यांचं पत्र आलं: "आमच्या ह्यांचं पान दिसलं नाय. टपालात पडलं काय?"

मी लिहिलं, हो, तसंच झालं असेल; पुन्हा लिहून पाठवाल का?

दोन महिन्यांनी तीन कागद आले. अक्षर इतकं कापरं होतं की निम्मं मला लागलंच नाही.