दुसऱ्या रॉकेटआधीची दहा मिनिटं

सव्वीस वर्षं बर्फ, वाळू आणि डास यांच्यात काढल्यावर शेवटच्या दोन वर्षांसाठी माझी बदली नगर जिल्ह्यातल्याच एका फायरिंग रेंजवर झाली. माझं गाव तिसगाव. रेंजपासून मोटरसायकलने दीड तास. बायको खूश झाली. मी तितका नव्हतो. सीमेवर शत्रू असतो, घराजवळ नातेवाईक. दर रविवारी कोणीतरी तोफ बघायला यायचं आणि मी "परवानगी नाही" म्हटलं की माझी रिटायरमेंट जवळ आल्याची मला आठवण करून द्यायचं.

माझा हुद्दा सुभेदार, काम रेंज सेफ्टी जेसीओ. फायर करणारे करतात. फायर होताना मधे माणूस किंवा जनावर नाही, एवढं पाहणं माझ्याकडे. काम झालं तर कोणाला कळत नाही. झालं नाही तर सगळ्यांना कळतं.

सकाळी सहाला लाल झेंडे चढायचे. सातपर्यंत पोस्टवर माणसं जायची. मग मेंढपाळांना बाहेर काढायचं. रेंज म्हणजे हजारो एकर माळ, आणि त्या कोरड्या भागात गवत राहिलेलं असायचं ते आमच्याच हद्दीत, कारण तिथे नांगर जात नाही. त्यामुळे मेंढ्या आमच्याकडे येणार हे ठरलेलं.

सरूबाई त्यातल्या एक. शेजारच्या वाडीवरच्या, सत्तरीच्या, साठेक मेंढ्या. रोज गेटवरून ओरडायच्या, "ओ सुभेदार, आज किती?"

किती म्हणजे किती राउंड. हे सांगायचा नियम नव्हता. मी सांगायचो. आकडा माहीत असला की माणसं तेवढे आवाज मोजतात आणि मगच आत शिरतात. माहीत नसला तर अंदाजाने शिरतात. रेंजवरचे जवानही तेच करत. जितके राउंड सुटले तितके धमाके ऐकू आले पाहिजेत. एक कमी पडला तर कुठेतरी न फुटलेला गोळा पडलाय, जागचं हलायचं नाही. हिशोब जुळला की बाहेर. कागदावर 'ऑल क्लिअर'चा सायरन होईपर्यंत बंकरमध्ये थांबायचं असतं. पण सायरन विजेवर चालायचा आणि वीज तिच्या मर्जीवर. कानांवरचा विश्वास मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवत असे.

हवालदार संपत सुरवसेलाही मीच शिकवलं होतं, फार आधी, दुसऱ्या एका रेंजवर. तो खर्ड्याचा. घरी कोरडवाहू जमीन, मोठा भाऊ दरवर्षी ऊसतोडीला जायचा. संपत सैन्यात आला आणि घरातला एक कोयता कमी झाला. माझ्या शेवटच्या पोस्टिंगवर तो पुन्हा माझ्या हाताखाली आला, तेव्हा आम्हा दोघांनाही बरं वाटलं. तसं बोलून मात्र दाखवलं नाही.

त्या हिवाळ्यात विमान आलं.

मालवाहू विमान होतं. त्याच्या पोटाखाली काचेचा एक फिरता डोळा बसवला होता. त्यातून लेझर निघणार आणि शत्रूचं क्षेपणास्त्र वर चढत असतानाच त्याला जाळणार, अशी योजना. प्रयोगशाळेच्या लोकांबरोबर देशपांडे मॅडम म्हणून एक शास्त्रज्ञ आल्या होत्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला आणि संपतला जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावलं. आमच्या लाँचरवरून रॉकेट सुटेल. त्यात दारूगोळा नाही, वजनाला लोखंड. विमानातला किरण रॉकेटच्या एकाच जागेवर चारेक सेकंद स्थिर राहिला पाहिजे. पत्रा तापतो, मऊ होतो, रॉकेट हवेतच फुटतं.

"आणि एका जागेवर राहिला नाही तर?" मी विचारलं.

"शेपटाकडे सरकला तर पंख जळेल. मग ते फुटणार नाही, वळेल."

"कुठे?"

"ते सांगता येत नाही. म्हणून तर सुरक्षा-घेरा एक किलोमीटरने वाढवायला सांगितलाय."

सरळ उत्तर मिळालं, हे मला आवडलं. वाढलेल्या घेऱ्यात दक्षिणेच्या बांधावरची पोस्ट येत होती. तिथे जुना काँक्रीटचा बंकर होता. दार एवढं अरुंद की एका वेळी एकच माणूस आत जाईल. त्या पोस्टवर मी संपतला ठेवलं, कारण त्या बाजूने मेंढ्या येत आणि मेंढपाळांना हाकलून देऊनही त्यांच्याशी बोलचाल टिकवणारा तो एकटाच होता.

संपतला एकच शंका होती. "साहेब, याला आवाज न्हाई, उजेड न्हाई, धूर न्हाई. मंग पाव्हन्यांना कळनार कसं, काय झालं ते?"

"त्यासाठी निवेदक आणलाय."

"मंग लेझर कशाला? निवेदकालाच विमानात बसवा."

चाचणी व्हायच्या आधीच तिचा समारंभ झाला होता. शामियाना, लाल गालिचा, सोफे, पाहुण्यांसाठी काळे गॉगल. आदल्या दिवशी कळलं की निवेदकाच्या टेबलावर माझ्या निरीक्षण टॉवरशी जोडलेला फोन हवा आहे आणि स्टोअरमध्ये पुरेशी वायर नाही. दक्षिणेच्या पोस्टची लाइन काढून शामियान्याला द्या, असा तोंडी हुकूम आला. मी म्हटलं, पोस्टला काय राहील? उत्तर आलं, रेडिओ आहे की. मी हस्तांतराच्या कागदावर सही केली. सही माझी आहे. ते मी कधी नाकारलं नाही.

चाचणीच्या दिवशी गेटवर सरूबाईंनी मांडवाकडे पाहिलं.

"सुभेदार, लगीन कुनाचं?"

"दोन रॉकेटं आहेत, बाई. दोन."

"दोनासाठी एवढा मांडव? वरात लई मोठी दिसतीय." आणि मेंढ्या घेऊन बांधापलीकडे गेल्या.

०९:३० ला सर्व पोस्टनी रिपोर्ट दिला. संपतचा आवाज नेहमीसारखा होता. "साउथ पोस्ट, ऑल ओके, ओव्हर."

०९:५० ला रेंजवरचे सर्व रेडिओ बंद झाले. विमानाच्या यंत्रांना अडथळा नको म्हणून प्रयोगशाळेची ती अट होती. कार्यक्रम असा होता की दहाला पहिलं रॉकेट आणि लगेच वीस सेकंदांनी दुसरं. संपतला हेच सांगितलेलं होतं.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. १०:१० ला मला टॉवरवर फोन आला. बदल झाला आहे. दोन रॉकेटांच्या मध्ये दहा मिनिटांचं भाषण होईल.

मी म्हणालो, "साउथ पोस्टला हे कळवायला हवं. जीप पाठवतो."

"रेंजवर आता हालचाल नको. ते बंकरमध्येच आहेत ना? सायरनपर्यंत थांबतील."

नियमाप्रमाणे हे बरोबर होतं. मी हट्ट धरला नाही.

१०:२१ ला पहिलं रॉकेट सुटलं. वर चढलं आणि आकाशात कशालाही न धडकता फुटलं. खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. मग उरलेल्या इंधनासकट रॉकेटची जळती मोटर खाली आली आणि जमिनीवर पुन्हा फुटली. हवेत एक, जमिनीवर एक. मधे साधारण वीस सेकंद.

शामियान्यातून टाळ्या आल्या. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट आली: बंकरात बसलेल्याने दोन मोजले. मी दुर्बीण दक्षिणेकडे वळवली.

सुरुवातीला काही नव्हतं. मग बांधावरून मेंढ्या उतरू लागल्या. मागे सरूबाई. आणि बंकरातून संपत बाहेर आला. घाईत नव्हता. हेल्मेट काढून त्याने काखेत धरलं होतं. त्याच्या हिशोबाने दिवस संपला होता. माझ्या हिशोबाने आठ मिनिटं उरली होती.

मी रेडिओ सुरू केला. "टॉवर टू साउथ पोस्ट. स्टॉप. स्टॉप. आत जा. ओव्हर." तीनदा. कोणीच ऐकत नव्हतं. हुकमाप्रमाणे सगळे सेट बंद होते. रेंजवर त्या क्षणी हुकूम मोडणारा मी एकटाच होतो.

इशाऱ्याचा लाल फ्लेअर उडवला. लाल फ्लेअर म्हणजे फायर बंद, हे सैन्यातला कुक्कुटपालन केंद्राचा शिपाईही सांगेल. पण लाँचचं बटण एका बंद व्हॅनमध्ये होतं आणि व्हॅनला खिडकी नव्हती. शामियान्यात पुन्हा टाळ्या झाल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. संपत फ्लेअरकडे पाठ करून मेंढ्या वळवत होता.

फोन उचलला. कालपर्यंत त्याच वायरवर संपतने उत्तर दिलं असतं.

"हॅलो, व्यासपीठ," निवेदक म्हणाला.

"टॉवरवरून सुभेदार बोलतोय. रेंजवर माणसं आहेत. दुसरं फायर थांबवा. कर्नल साहेबांना द्या."

"सर, प्रमुख पाहुणे बोलताहेत."

"माणसं मरतील."

"चिठ्ठी पाठवतो, सर. लगेच."

चौकशीत ती चिठ्ठी मी पाहिली. 'टॉवरवर काही अडचण आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ती तीन रांगांतून रेंजच्या प्रमुखांपर्यंत, कर्नल साहेबांपर्यंत, पोहोचली तेव्हा त्यांना वाचायला चष्मा लागला.

मी जीप काढली. संपत तीन किलोमीटरवर, मधे ओढा आणि रस्ता नाही. व्हॅन दोन किलोमीटरवर. मी व्हॅनकडे गेलो. आजही रात्री कधी स्वप्नात ओढ्यातून जीप घालतो, पण त्या दिवशी मी व्हॅनकडे गेलो.

व्हॅनचं दार आतून बंद होतं. दोन्ही मुठींनी बडवलं. आतून मोजणी ऐकू येत होती. दार उघडलं ते देशपांडे मॅडमनी.

"बंद करा. साउथ पोस्टला माणसं बाहेर आहेत."

त्यांनी "का" असं विचारलं नाही. वळून ओरडल्या, "होल्ड! होल्ड!" त्याच क्षणी पायाखालची जमीन हादरली. रॉकेट गेलं होतं.

"मॅडम, लेझर. लेझर लावू नका. तसंच जाऊ द्या."

त्यांना समजलं. रॉकेट सरळ गेलं असतं तर दोन किलोमीटर पुढे मोकळ्या माळावर पडलं असतं. त्यात काही नव्हतंच, लोखंडच होतं. मॅडमनी विमानाच्या सेटवर हाक दिली. "अबॉर्ट, अबॉर्ट, किरण बंद." ती हाक कोणी ऐकायच्या आतच वरून शांत आवाज आला, "ट्रॅकिंग. बीम ऑन." पडद्यावर रॉकेटच्या अंगावर एक पांढरा ठिपका दिसला. तो शेपटाकडे सरकत गेला. मॅडमनी माझी बाही धरली. रॉकेट वळलं.

शत्रू नव्हता. क्षेपणास्त्रही खरं नव्हतं. खरं होतं ते त्याच्यापासून वाचवणारं यंत्र.

पुढचं सरूबाईंनी सांगितलं. लाँचरचा आवाज आला तसं संपतने मान वर केली आणि त्याला एका क्षणात कळलं. तो धावत आला. त्या म्हणाल्या, मेंढरं. तो म्हणाला, "आज्जे, शिव्या मागनं दे, आदी आत हो." त्यांना उचलून त्याने दारातून आत लोटलं. दार एका माणसापुरतं होतं. त्यांचा पाय उंबऱ्यात अडकला. पाय सोडवायला संपत वाकला. बस, तेवढाच वेळ लागला.

मी पोहोचलो तेव्हा १०:४९ झाले होते. बंकर उभा होता. सरूबाई आत बसून संपतला हाका मारत होत्या. मी त्यांना बाहेर येऊ दिलं नाही, माझा शर्ट काढून त्याच्यावर घातला आणि मगच त्यांचा हात धरला. दूर शामियान्यात टाळ्या चालू होत्या. दोन्ही रॉकेटं विमानाने पाडली होती. पुढे कागदोपत्रीही दोन्ही चाचण्या यशस्वी ठरल्या, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं.

चौकशी झाली. अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य होतं, 'मृत हवालदाराने स्थायी आदेशाचं उल्लंघन करून आश्रय सोडला.' मला सही करायला सांगितली. एका सहीचं फळ मी पाहिलं होतं. मी नकार दिला आणि लेखी दिलं की आवाज मोजून बाहेर येणं मी शिकवलं, वायर माझ्या सहीने गेली, म्हातारीला आकडा मी सांगितला. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, पेन्शन जवळ आलीय तुमची." मी म्हणालो, "हो सर." सात आठवडे कागद फिरला. शेवटी ते वाक्य निघालं. त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव मात्र आलं नाही, माझंही नाही. देशपांडे मॅडमनी स्वतःची वेगळी साक्ष दिली होती. त्यांची पुढे बदली झाल्याचं ऐकलं.

महिन्याने मी खर्ड्याला गेलो. संपतची बायको, कमल, ओसरीवर होती. मोठा भाऊ तोड सोडून आला होता, तो माझ्यासाठी सतरंजी टाकून भिंतीला टेकून बसला. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं.

कमलने विचारलं, "ती म्हातारी जगली का?"

"जगली. पाय मोडला होता, आता चालते."

"तिला कुनी बोल लावला न्हाई ना?"

"नाही."

"लावू बी देऊ नगा. तिला काय ठावं."

मग मी सांगितलं. "वहिनी, आवाज मोजून बाहेर यायचं हे त्याला मी शिकवलं. चूक माझी आहे."

भाऊ उठून बाहेर गेला.

"त्यांनी मला सांगितल्यालं हाय," ती म्हणाली. "राजस्थानात एकदा सायरन झाला, समदे भाईर आले, ह्ये एकलेच आत ऱ्हायले. एक आवाज कमी हुता म्हनं. त्यो मागनं फुटला. सायबानं शिकवलं म्हनून वाचलो, असं म्हनायचे. धाकटी त्याच्यानंतरची हाय." तिने दाराशी खेळणाऱ्या मुलीकडे पाहिलं. "आता तुमाला काय म्हनू मी? बसा. च्या ठेवते."

ती आत गेली. मी बसलो. निघायची हिंमत नव्हती आणि बसायचीही.

त्या दिवशीच्या कार्यक्रमात मान्यवरांची नावं हुद्द्यांसकट वाचली गेली, त्याला अकरा मिनिटं लागली होती. एक नाव राहिलं. हवालदार संपत ज्ञानदेव सुरवसे, मुक्काम खर्डा, तालुका जामखेड. साउथ पोस्ट.