पन्नास हातांचं शेपूट

तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशी, जिभेनेही तशीच. विज्ञान केंद्राचे पडदे आणि खोळी शिवण्यात तिची हयात गेली होती. चिडणं रोजचंच, पण त्या दिवशीसारखी ती कधी भडकली नव्हती.

नव्या दालनासाठी पृथ्वीचं चुंबकावरण, म्हणजे तिच्याभोवतीचं चुंबकीय कवच, कापडात शिवायचं होतं. टाचणीने आधी छान गोल झबलं बेतलं. तिथेच माहिती सांगायचं काम करणारी तिची सून हसली.

"आई, हे सगळीकडून सारखं नसतं. सूर्याकडून कणांचा वारा येतो ना, तो समोरून दाबतो अन् मागे ओढत नेतो. आपली पृथ्वी फुटबॉलएवढी, तर समोर जेमतेम अडीच हात. मागे मात्र शेपूट, थेट चंद्राच्या पलीकडे. चंद्रच पंधरा हातांवर!"

"आणि शेपूट?"

"पन्नास हात तरी. खरं टोक कुठे, तेही नक्की सांगता येत नाही."

"अगं बाई, मारुतीचं शेपूटच की!"

टाचणीने सगळं उसवलं आणि निळ्या जाळीचं नवं शिवलं. त्याचं शेपूट दालन ओलांडून व्हरांड्यात पोचलं.

उद्घाटनाच्या सकाळी येऊन बघते तर काय! शेपूट गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेलं, चंद्र पृथ्वीच्या नाकाशी टांगलेला आणि मोकळ्या जागेत पाहुण्यांचा सोफा.

"साहेब, चंद्र कुणी सरकवला?" तिने केंद्राच्या प्रमुखांना विचारलं.

"मीच. सोफा कुठे ठेवू मग? जास्तीचं कापड कापून टाका. कोण मोजायला बसलंय?"

"जास्तीचं?" टाचणीचा पारा चढला. "तुमच्या पाहुण्यांना गादी हवी म्हणून पोरांना थोटकी पृथ्वी दाखवायची? मी चुकले तेव्हा उसवायला लाजले नाही. पण बरोबर शिवलेलं कापू? कात्री माझी आहे, देत नाही जा!"

"सूनबाईंची नोकरी इथेच आहे हो," साहेब हळूच म्हणाले.

टाचणीने चमकून सुनेकडे पाहिलं. तेवढ्यात सून स्टुलावर चढली. "आई, तुम्ही ते टोक धरा."

चंद्र पुन्हा पंधराव्या हातावर गेला, नेमका सोफ्याच्या डोक्यावर. पाहुण्या बाई आल्या, सोफ्यावर जाळीतच बसल्या आणि वर बघू लागल्या.

"हे काय हो, साहेब?"

"शेपूट. म्हणजे, आम्ही मुद्दामच एवढं लांब..."

"मुद्दाम?" टाचणी दारातून कडाडली. "मग सकाळी चंद्र कुणी पळवला, तेही सांगा की!"

साहेबांनी शेपूट घातलं. सुनेने सासूला व्हरांड्यात ओढलं. पण पन्नास हात चालून झाले, तरी टाचणीचं तोंड थांबलं नव्हतं.