सुतकातली ढाल

नाथाजीला गावात कुणी वाईट म्हणत नाही आणि तेच त्याचं दुखणं आहे. वाईट माणसाला तोंडावर शिव्या तरी मिळतात, आपण कुठं उभे आहोत ते कळतं. चांगल्या माणसाला लोक ‘आप्पा, आप्पा’ करतात आणि पाठ फिरली की मान हलवतात.

रहिमतपूरच्या अलीकडं फाट्यावरनं आत गेलं की त्याचं गाव. फौजेतनं हवालदार होऊन परत आला, तर पेन्शनीत गप ऊस बघावा की नाही? पण हा बाबा गावच्या कबड्डी संघाच्या मागं लागला. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. पहाटे पोरांना पळवायचं, संध्याकाळी देवळापुढच्या मैदानात घाम काढायचा, वर प्रत्येकाच्या आईला विचारायचं, ह्यानं दूध घेतलं का. पगार नाही की पाणी नाही. त्याच्या हाताखालची कितीतरी पोरं भरतीत निघाली, पोलिसात लागली. पण चैत्रातल्या भैरोबाच्या जत्रेत कबड्डी जिंकणाऱ्याला मिळणारी ढाल काही गावात राहिना. मैदान घरचं, माणसं घरची आणि ढाल न्यायची कवठे महांकाळच्या पोरांनी.

आता सांगा, कोच बरा की वाईट हे ओळखायचं कसं? गवंड्याची भिंत दिसते, आचाऱ्याची आमटी जिभेवर पडते. कोच मात्र रेषेबाहेर उभा. जिंकलं तर पोरांच्या मांड्यांत दम होता आणि हरलं तर आप्पांचं डोकं चाललं नाही. पारावरची रिकामी मंडळी हा निवाडा दरसाल करायची. उसाला पाणी पाजता पाजता नाथाजीही करायचा आणि त्याचाही निकाल लागायचा नाही.

त्याचा थोरला भाऊ केरबा. केरबाला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक सामन्याला पोतं अंथरून तो रेषेजवळ बसायचा. हरल्यावर बिडी विझवून म्हणायचा, “नाथा, तू हाईस म्हनून एवढं तरी हाय.” ह्या एका वाक्यावर नाथाजी पुढचं वर्ष काढायचा.

दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या आदल्या दिवशी भावकीतला ज्योतिबा वारला. वय झालेलं होतं, गेला. नाथाजीच्या भावकीत घरं मोजकी आणि त्यांतलं कुणी पोर संघात नव्हतं, त्यामुळं खेळाडूंचं काही अडलं नाही. सुतक आलं ते नाथाजीला. मैदान म्हणजे देवाचं अंगण, पालखी तिथंच टेकते. सुतकातला माणूस तिथं पाऊल ठेवणार कसा? घरात बसून त्यानं भोंग्यावरचा पुकारा ऐकला. मध्यंतराला कॅप्टनला, विश्वजीतला, दोनदा फोन लावला. पोरानं उचलला नाही. आणि त्या जत्रेत ढाल गावात राहिली.

जिंकणाऱ्या संघाच्या कोचला मानाचा फेटा बांधायची रीत आहे. सुतकात फेटा कसला? मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब यांनी तो स्वतःच्या डोक्याला बांधून घेतला आणि मेला शोभलाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असं म्हणून गप बसता आलं असतं. पण नाथाजी पडला हट्टी. सुतक फिटल्यावर त्यानं विश्वजीतला मैदानावर गाठलं.

“खरं सांग रं. माझ्यावाचून कसं जमलं?”

विश्वजीत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. “राग न्हाई न्हवं येनार?”

“न्हाई.”

“आप्पा, तुमी रेषेवर असला की चढाईत समोरचा गडी दिसतच न्हाई. तुमीच दिसता. आता आप्पा काय म्हनत्याल, ह्येच डोक्यात. त्या दिवशी मोकळं वाटलं.”

“बरं झालं सांगितलंस,” नाथाजी म्हणाला. घरी आला आणि ताटावरनं उठला. बायको साळूबाईनं विचारलं, तर म्हणाला, पोटात बरं नाही.

पुढच्या जत्रेला त्यानं ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. टॉवेलाचं टोक दातांत धरून रेषेबाहेर बसला. दुसऱ्याच सामन्यात संघ गारद. विश्वजीत म्हणाला, “आप्पा, तुमी गप बसला की लयच भ्या वाटतं.” आता काय करावं माणसानं? बोलला तरी आडवा, गप बसला तरी आडवा.

त्याच आठवड्यात पारावर कुणीतरी म्हणालं, “यंदा आप्पाच्या भावकीत कोन आजारी नव्हतं व्हय रं?” सगळे हसले. केरबा तिथंच होता. तो धोतर झटकून उठला आणि घरी येऊन कुणाला काही बोलला नाही. नाथाजीला ते दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

तो तडक लालासाहेबांकडं गेला, म्हणाला, दुसरा माणूस बघा.

“आवं आप्पा, असं काय करता?” लालासाहेब हसले. “तुमच्यावाचून ह्या पोरांना पहाटं उठवनार कोन?”

म्हणजे उठवायला आप्पा पाहिजेत. नाथाजीला ते बरोबर समजलं, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तो पोरांच्या दारांत हाका मारत उभा होता. कारण त्याला आता एकच गोष्ट पाहिजे होती. आपण रेषेवर उभे असताना एकदा ढाल यावी, एकदाच. म्हणजे आपण पोरांच्या वाटेतला धोंडा नव्हतो, एवढं तरी कळेल.

यंदा माघात तो संघ घेऊन कवठे महांकाळला गेला आणि त्यांच्याच मातीत त्यांना हरवून आला. तेही रेषेवर उभा राहून, तोंड उघडं ठेवून. परतताना जीपमध्ये केरबा भावाच्या मांडीवर थाप मारत म्हणाला, “औंदा फेटा तुझाच.” नाथाजीला ते पटलंही.

जत्रा दोन दिवसांवर आली असताना केरबा सकाळी चहाची बशी हातात धरून ओट्यावर बसला होता, तो तसाच कलंडला. दवाखाना गाठायलाही सवड दिली नाही.

माती झाली. संध्याकाळी पोरं भेटायला आली आणि भिंतीला धरून ओळीनं बसली. विश्वजीत मान खाली घालून म्हणाला, “लय वाईट झालं, आप्पा.” मनापासून म्हणाला, त्यात खोट नव्हती. पण खांद्यावरनं चढाईवाल्याच्या मनातलं ओळखणं हेच नाथाजीचं आयुष्यभराचं काम. माघापासून ताठ असलेले विश्वजीतचे खांदे सैल पडले होते. ओझं उतरवलेल्या हमालाचे पडतात, तसे. नाथाजीनं एकेकाचे खांदे बघितले. सगळ्यांचे तसेच होते.

“नीट खेळा,” तो म्हणाला.

जत्रेच्या दिवशी अंतिम सामना कवठे महांकाळशीच लागला. नाथाजी सोप्यात घोंगडीवर बसला होता, समोर केरबाच्या नावानं दिवा जळत होता आणि ह्याचे कान भोंग्याकडं. पोरं तीन गुणांनी मागं पडली, तसं त्याला बरं वाटलं. होय, बरं वाटलं. हरू देत, तो मनात म्हणाला, एकदा माझ्यावाचून हरू देत. स्वतःच्या पोरांचं वाईट चिंततोय, तेही भावाच्या दिव्यापुढं, हे ध्यानात आल्यावर त्याला स्वतःची किळस आली. पण कान काही भोंग्यावरनं हटेनात. फोन पुढ्यातच ठेवलेला होता. मध्यंतर झालं, संपलं. कुणी केला नाही, त्यानंही लावला नाही.

मग भोंग्यावर विश्वजीतचं नाव, पुन्हा विश्वजीतचं नाव, आणि मागनं फटाके.

ढालीची मिरवणूक त्याच्या गल्लीतनंच गेली. मयताच्या घरापुढं वाजवत नाहीत, म्हणून दाराशी आल्यावर हलगी थांबली. पोरं चपला हातात घेऊन, मान खाली घालून मुक्यानं पुढं गेली. लालासाहेबांच्या डोक्याला फेटा होता. दाराकडं बघून त्यांनी हात जोडले. कोपऱ्यावर वळल्यावर हलगी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

नाथाजी भिंतीला टेकून बसला होता. केरबा गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतनं टिपूस निघालं नव्हतं, लोकांनी ते बोलूनही दाखवलं होतं. साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि शेजारी बसली.

“रडून घ्या आता,” ती हळू म्हणाली. “भावासाठी रडतुया म्हनत्याल लोक.”