कडेची चिप

माझ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या बंगळुरात सापडायचा नाही, आणि त्यांचा सगळा संशय वस्तूंवर आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन वस्तू सारख्या असतात, हे त्यांना मुळीच मान्य नाही. चपलांचा जोड घेताना ते डावी आणि उजवी वेगवेगळी तोलून बघतात. एका घड्याळावर भरवसा नको म्हणून त्यांच्या दिवाणखान्यात तीन घड्याळं लटकतात आणि तिन्ही भांडतात. मी यादी घेऊन जाणारा, सामान घेऊन खूण करणारा आणि परत येणारा माणूस. एकदा त्यांच्याबरोबर बसवनगुडीत बल्ब आणायला गेलो. दुकानातलं प्रत्येक खोकं उघडून झाल्यावर दुकानदारानं हात जोडले, "सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे, थोडं चालवून घ्या. साडू म्हणाले, "मी का? बल्बनं करावं!" मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो.

महादेवपुऱ्यातली एक कंपनी त्यांना याच स्वभावाचा पगार देते, हे कळल्यावर तर मी थक्कच झालो. श्रवणयंत्रातल्या चिपला बॅटरीतल्या विजेचा दाब कायम एकसारखा पुरवणारं एक चिमुकलं सर्किट असतं, रेग्युलेटर. ते साडू बनवतात. बॅटरी पुरावी म्हणून ते अगदी थेंबभर विजेवर, जवळजवळ उपाशीपोटी चालवायचं. आणि उपाशी सर्किटाला घडणीतला बारीकसा फरकही सोसत नाही. तोल गेला की यंत्र थेट कानात शिट्टी मारतं. "चिपा इडल्यांसारख्या एकाच ताटात होतात," साडू मला हॉटेलात समोरच्या इडलीला बोट टोचून म्हणाले, "मधली फुगते, कडेची बसते. पीठ तेच!" म्हणून त्यांचं नवं सर्किट आपण कसे घडलो ते स्वतःच तपासतं आणि तेवढं स्वल्प स्वतःच जुळवून घेतं. ती इडली शेवटी मी खाल्ली.

आमच्या सासूबाई साडूंकडेच राहतात. त्यांना ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. जुनं यंत्र शिट्ट्या मारायचं, म्हणून त्यांनी ते बडीशेपेच्या डब्यात टाकलं आणि जाहीर केलं, "आता नवं आणलंत आणि तेही ओरडलं, तर पुन्हा कानाला हात लावू देणार नाही." त्या बोलल्या म्हणजे बोलल्या. असं असताना साडूंनी कंपनीच्या परवानगीनं चाचणीचं यंत्र घरी आणलं, सासूबाईंच्या कानामागे बसवलं आणि गारठ्यात किंवा उष्णतेत ते ओरडतं का हे बघायला त्यांना आधी उघड्या फ्रिजसमोर, मग शेगडीजवळ बसवलं. बिचाऱ्या निमूट बसल्या. नंतर झोपाळ्यावर जाऊन टेकल्या.

स्वयंपाकघरात मी सहज विचारलं, "चिप अगदी निवडून आणली असेल ना?"

"निवडूनच आणली. सगळ्यांत वाईट होती ती. अगदी कडेची."

मेव्हणीनं दात-ओठ खात, पण कुजबुजत विचारलं, "अहो, कडेची इडली आपण पाहुण्याला वाढत नाही, आणि आईच्या कानात कडेची चिप?"

"मधली कुणाच्याही कानात चालेल गं," साडूही कुजबुजले. "कडेची ज्या बाईच्या वाट्याला जाईल, तीही कुणाची तरी आईच असेल ना?"

"आणि ओरडली म्हणजे? आई परत कधी—"

"अगं, कडेच्या इडल्या जन्मभर मीच खाल्ल्या," बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. "चालतंय मला. भांडा, पण हळू. डोकं उठतं."

मेव्हणीनं दारातून झोपाळ्याकडे डोकावून पाहिलं. साडूंनी चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

हल्ली साडूंना स्वतःलाच कमी ऐकू येतं. ते कबूल करत नाहीत. दाराच्या घंटेत दोष आहे म्हणून त्यांनी दोनदा घंटा बदलली. परवा मेव्हणीनं त्यांना यंत्र घ्यायला एकदाचं राजी केलं. "मलाही कडेचीच," साडू म्हणाले.

सासूबाईंनी पायानं झोपाळा थांबवला.

"जावईबापू, या वेळी मधली घ्या."

साडूंनी आमच्याकडे पाहिलं, मग तिन्ही घड्याळांकडे. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. सासूबाई उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि तेच पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाल्या.