दोन डोळ्यांची कांडी

माघातला शुक्रवार, सांगलीतली प्रयोगशाळा. हजर: मी, आष्ट्याची माझी संशोधक विद्यार्थिनी आणि बर्फाने भरलेली बादली.

सकाळी तीन नळ्या होत्या. तिच्या मामाच्या कवठे महांकाळच्या रानात पाण्यावाचून तग धरलेल्या उसाच्या पानांचा अर्क. ऊस कारखान्याला गेला. नळ्या संपल्या की पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहायची, आणि तिची शिष्यवृत्ती तोवर पुरणार नव्हती.

पेशीत डीएनएचा धागा प्रथिनांच्या मण्यांवर गुंडाळलेला असतो. तो यंत्राच्या सुईतून येणाऱ्या ध्वनीच्या कंपनांनी तोडायचा. तुकडे लांब नकोत, चुराही नको.

पहिल्या नळीत पांढरा फेस चढला आणि ती खूश झाली. तिच्या घरचं गुऱ्हाळ. काहिलीत फेस वर आला की मळी निघाली, गूळ चांगला उतरणार. इथे फेस म्हणजे घात: कंपनं हवेत जातात, प्रथिनं नासतात.

"आवं मॅडम, मला वाटलं साफ व्हायलंय."

"झालं की. नळीच साफ झाली."

ती हसली नाही. मी विचारलं, "लावणीला उसाचं बेणं किती डोळ्यांचं तोडता?"

"दोन. एका डोळ्याचं लावत्यात, पर कोंब फुटंल याचा भरवसा न्हाई. लय लांब ठेवलं तर बेणं वाया."

"मग हेही तसंच तोड."

दुसरी नळी चाचणीला घेतली. सुई खोल, पण तळाला न टेकलेली. जोर कमी. थोडा आवाज, मग त्याहून लांब विसावा. नळी सतत बर्फात. तो आवाज कानांपेक्षा दातांना ऐकू येतो. विसाव्यात तो थांबला की खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटे. खिडकीतून बाजारातल्या हळदीचा वास येई, बर्फावरची वाफ हळूहळू पसरे, आणि आम्ही दोघी पुढच्या आवाजाची वाट पाहत बसू. वेळ कसा गेला याची नोंद माझ्याकडे नाही. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

तुकडे प्रथिनांतून सोडवून संध्याकाळी लांबी तपासायला जेलवर चढवले. निळ्या उजेडात ते धुक्यासारखे उतरले, हवे होते तिथेच दाट. तिने काचेवर बोट ठेवलं.

"दोन डोळं," ती हळूच म्हणाली.

"आता खरी नळी?"

"आज नगो मॅडम. शेवटची हाय, उद्या सकाळच्याला करू."

मी यंत्र बंद केलं, जोराचे आणि वेळेचे आकडे तसेच ठेवले, सुई पुसली, बर्फ मोरीत ओतला.

शिल्लक काम: तिसरी नळी. डीप फ्रीजरमध्ये, वरच्या कप्प्यात.