ऋतुजाच्या ताणलेल्या पिशव्या

"...आणि त्या ढोलवाल्यांमुळे ऋतुजाची पीएचडी..."

एवढंच कानावर पडलं! भाजीच्या गाडीपाशी पवारवहिनी कुणाला तरी सांगत होत्या, आणि नेमकी तेव्हाच मागून घंटागाडी गाणं वाजवत आली. गाणं थांबेपर्यंत वहिनी जिन्यात गडप. आता अशा अर्ध्या वाक्यावर माणसानं स्वयंपाक कसा करायचा?

ऋतुजा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहते. मालेगावची पोर. प्लास्टिक ताणलं की त्याच्या आत काय होतं, हे ती कॉलेजातल्या मोठ्या मायक्रोस्कोपवर बघते. तिचे सर दिवाळीत रिटायर होणार. त्याआधी थिसिस गेला नाही तर नवे सर, नवा विषय, सगळं पहिल्यापासून. म्हणून माझा जीव टांगणीला.

बाकी तिचे किस्से म्हणजे आपल्या दारामागची पिशव्यांची पिशवी. एक ओढायला जावं, चार बाहेर येतात.

*

राहायला आली त्याच आठवड्यात तिनं दार वाजवलं. "काकू, दुधाची पिशवी आहे का?"

मी आपली भरलेली दिली. तिनं दूध माझ्याच गॅसवरच्या पातेल्यात ओतलं, पिशवी धुतली, एक पट्टी कापली आणि हळूहळू ताणली. मधला भाग पांढरा पडत गेला.

"हे बघा! आत धागे सुटे होताहेत, मध्ये पोकळ्या पडताहेत. मला तेच बघायचंय."

मीही एक पट्टी ताणली. मग आणखी एक. मजा येते हो! तेवढ्यात आमचे हे आतून ओरडले, "अगं, दूध उतू चाललंय! पिशव्या काय ताणताय दोघी?"

*

बातमी बिल्डिंगभर झाली. दुसऱ्या दिवशी पवारवहिनी मिस्टरांचा पायजमा घेऊन हजर. "तू ताणलेल्या वस्तूंची डॉक्टर ना? हे इलॅस्टिक बघ बाई. आत्ताच घेतलेलं, लगेच सैल!"

ऋतुजानं अगदी गंभीरपणे ओढून पाहिलं. "काकू, यावर मर्यादेबाहेर ताण पडलाय."

"तेच मी ह्यांना रोज ताटावर सांगते!"

*

माझा भाऊ पिंपळगावहून आला, तो द्राक्षबागेवरच्या प्लास्टिकचा फाटका तुकडा घेऊनच. "वारं आलं का फाटतंय. आत बघून सांग पोरी, काय बिघडलं."

"बघते की, मामा."

"पन दिसतं तरी किती बारीक?"

"डोक्यावरचा एक केस घ्या आणि उभा चिरत चिरत त्याचे हजारो भाग करा."

भावानं टकलावरून हात फिरवला. "मंग दुसऱ्याचा घ्यावा लागंल."

*

एकदा हट्टानं तिच्या लॅबमध्ये गेले. मायक्रोस्कोप म्हणजे वाकून, एक डोळा मिटून बघायचं, एवढं मला दहावीपर्यंत कळलेलं. इथं डोळा लावायला जागाच नाही!

"काकू, हा बघत नाही, चाचपतो. याला एक सुई आहे. ती प्लास्टिकवरून ओळीमागून ओळ फिरते आणि वर-खाली होते, त्याचं चित्र तयार होतं. जरा धक्का बसला की चित्र हललं."

"अगंबाई! म्हणजे मी आता बोललेलंसुद्धा..."

मागून सरांचा आवाज आला, "सुद्धा नाही. तेच!"

*

तर ती ढोलाची भानगड. मी सरळ ऋतुजालाच धरलं. "ढोलवाला कोण गं? नाव काय? घरी माहितीये?"

ती हसली आणि लगेच रडवेली झाली. तिच्या सगळ्या चित्रांवर आडवे पट्टे येत होते, सारख्या अंतरानं. सर खूश, "ऋतुजा, नवीन रचना सापडली!" हिला मात्र शंका. गणपती जवळ आलेले, लॅबच्या खालच्या मैदानावर रोज संध्याकाळी ढोलपथकाचा सराव, आणि मशीनवर हिचा नंबरही संध्याकाळीच. आता शेवटचा एक नंबर उरलेला. पुढचा थेट दिवाळीनंतर.

"चल मैदानावर," मी म्हटलं.

पथकाचा म्होरक्या संतोष. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "ताई, सराव बंद नाही करता येणार. पण आवाज बंद करतो."

*

तिच्या शेवटच्या नंबराच्या संध्याकाळी मी लॅबच्या खिडकीतून पाहिलं ते असं. अख्खं पथक कमरेला ढोल बांधून ठेका धरतंय, टिपरू जोरात येतंय आणि कातड्याच्या वीतभर आधी थांबतंय! घामाच्या धारा, आवाज शून्य. समोरच्या बाल्कनीतले आजोबा, जे रोज "बंद करा" म्हणून ओरडायचे, ते धावत खाली आले. "काय झालं रे? कोण गेलं?" अख्ख्या पथकानं ओठांवर बोट ठेवलं.

इकडे स्क्रीनवर चित्र वरून खाली उमटत होतं. पट्टा नाही! ताटात शेवया ओढून ठेवाव्यात तसे धागे, एकाला एक लागून. ऋतुजा श्वास रोखून बसलेली. चित्र अर्ध्यावर आलं, आणि ज्या सरांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते उठले, खिडकीशी गेले आणि आनंदानं दोन्ही हात वर केले.

संतोषला वाटलं, झालं काम.

असा ढोल मी नाशकात जन्म काढून ऐकला नाही! काचा थरथरल्या. सुई अजून प्लास्टिकवर फिरतच होती.

पवारवहिनींचं तसं खरंच होतं म्हणायचं. ढोलवाल्यांनी बुडवलं, पण खालचं अर्धंच. वर नितळ धागे, खाली पट्टेच पट्टे. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी. सर खुर्ची ओढून चित्रासमोर बसले.

"हेच लावा थिसिसला. आणि मध्ये एक बाण काढून लिहा : येथून ढोल सुरू."