टाचणीभाऊंची तीन कामांची बॅग

टाचणीभाऊंचं खरं नाव आमच्या नाटक कंपनीत पगाराच्या दिवसाखेरीज कुणी उच्चारलं नाही. कपडेपट सांभाळणारा माणूस. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून बोलले, त्यामुळे आता टाचण्या नसतानाही ओठांच्या एका कोपऱ्यातूनच बोलतात. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी गुपित सांगताहेत. सांगत असतात ते एवढंच, की तुमची डावी बाही उजवीपेक्षा पाव इंच लांब आहे.

मी राणी झाले, भिकारीण झाले, एका नाटकात तर पहिल्या अंकात आई आणि तिसऱ्या अंकात तिचीच मुलगी झाले. ते सगळं या माणसाच्या सुईच्या जोरावर. म्हणून त्यांचं मी आजवर पुष्कळ सोसलं. पण या वर्षी त्यांनी सात आठवडे एका बॅगेपायी माझा जो अंत पाहिला, तो कुठल्याही नाटकाच्या तालमीत कुणी पाहिला नव्हता.

झालं असं. भाऊंची मुलगी लांब एका डोंगराळ गावात रोपवाटिकेत काम करते. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून बापलेकींची भेट म्हणजे फोन. या वर्षी तिला सलग तीन आठवड्यांची रजा मिळाली आणि तिनं निरोप धाडला: बाबा, या. पण एकच बॅग आणा, पाठीवर मावेल अशी. मध्ये विमान बदलायला चाळीसच मिनिटं आहेत, सामान त्यांच्या ताब्यात दिलंत तर ते मागे राहील. इथे माझ्याकडे गाडी नाही. स्टेशनवर मी दोन सायकली घेऊन येते, आणि सकाळी आपण डोंगर चढायला जायचं.

सायकलचं भाऊंना काही वाटत नाही. एक्काहत्तराव्या वर्षीही शिवणवर्गाला सायकलवरच जातात. डॉक्टरांनीही हो म्हणून मान हलवली होती. तिकीट तेवढं पुढच्या महिनाअखेरीच्या आत काढायचं होतं, कारण पुढची एवढी रजा पुढच्या वर्षी. आणि आमच्या वयाची माणसं पुढच्या वर्षाची भाषा जरा जपूनच करतात.

तर उरली बॅग. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. दुकानात जायचं, पाठीला लावायची, आरशात बघायचं, घरी यायचं.

पहिल्याच दुकानात भाऊंनी खिशातून टेप काढली. दुकानदार जाडजूड, गुडघ्याला पट्टा बांधलेला, पूर्वी डोंगर चढणारा गडी. त्याला भाऊंनी सांगितलं, की बॅगेचं माप नंतर, आधी पाठीचं. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत. दुकानदार खूश झाला. म्हणाला, असं गिऱ्हाईक विरळा. हा आनंद त्याला पंधरा मिनिटं पुरला. तोवर भाऊंनी शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांच्या पाठीला न विचारता टेप लावली होती आणि ओठांच्या कोपऱ्यातून त्यांना कळवलं होतं, की तुमची पाठ आखूड आहे, ही बॅग तुम्हाला पोत्यासारखी दिसेल. गृहस्थ बॅग ठेवून निघून गेले. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग परीक्षा सुरू झाल्या. स्टुलावर बसून, पुढे वाकून, सायकलचं हँडल धरल्यासारखे हात करून भाऊ मान वर उचलत. डोक्यावरचं हेल्मेट मागून बॅगेला टेकलं की बॅग नापास. स्टूल चढून उतरत. कमरेला पट्टा नसला, सगळा भार खांद्यांना काचला, की नापास. शेवटी तीच बॅग बाकाखाली सरकवून बघत, विमानातल्या खुर्चीखाली जाईल का म्हणून. जी डोंगराला चांगली ती वरून तोंड असलेली, म्हणजे तळाचा मोजा काढायला आख्खा संसार बाहेर. जी सुटकेससारखी उघडते तिला कमरेचा पट्टा नाही. जी सायकलवर पाठीला घट्ट बसते तिच्यात एक सदरा आणि एक टॉवेल मावला की दम लागतो.

"काका," दुकानदार शेवटी म्हणाला, "तीन कामांची एक बॅग घेतली, की ती तिन्ही कामं थोडी थोडी वाईट करणार. तेवढं चालवून घ्यायचं असतं."

भाऊंच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू कुणी त्यांना राजाला पायजम्यात रंगमंचावर सोडा असं सांगितलंय.

चार दुकानं झाली. दोन बॅगा घेतल्या आणि परत केल्या. एक परत का केली, तर तिची चेन ओढताना आवाज करते. मी म्हटलं, भाऊ, विमानात कुणी संवाद म्हणत नाही. ते म्हणाले, बाई, सवय ती सवय. रोज सकाळी माझा फोन वाजे आणि मी उचलायच्या आधीच चिडलेली असे. माझा भाचा म्हणाला, मावशी, एवढ्या वेळात त्यांचं लग्न जुळलं असतं. मुलीचेही फोन येऊ लागले. आधी हसून, मग नुसतेच. तिकीट काढलं का, असं ती विचारी, आणि भाऊ तिला बॅगांच्या पाठीमागची जाळी घाम कसा शोषते ते सांगत.

तो महिना संपायला चार दिवस राहिले तेव्हा त्यांनी पहिल्याच दुकानात नव्यानं आलेली एक राखाडी बॅग आणली. सुटकेससारखी उघडणारी, कमरेला पट्टा, छातीला पट्टा, बाजूला पाण्याच्या बाटलीचा खिसा, तळाशी पावसाचं आवरण. तीत दोष एकच, असं त्यांचं म्हणणं: बक्कलं फार. छातीचं एक, कमरेचं एक, खांद्याचे पट्टे खाली अडकतात तिथे दोन. सगळी दोन्ही हातांनी उघडावी लागतात. माझं डोकं इतकं उठलं होतं, की मी म्हटलं, तुम्हाला हवं ते करा. चूक तिथे झाली. कपडेपटातल्या माणसाला असं कधी म्हणू नये.

रविवारी रंगीत तालीम ठरली. भाऊंनी सगळं सामान भरून सायकलनं गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जायचं, वर चढायचं, उतरायचं. जमलं तर लगेच तिकीट. मी बसनं जाऊन टेकडीच्या पायथ्याशी बाकावर बसले. भाऊ वेळेवर आले, सायकल लावली, हात केला आणि ताठ पाठीनं चढू लागले. मला खरंच बरं वाटलं. वरून त्यांनी टोपी हलवली.

उतरताना तिसऱ्या वळणावर एक दगड आला. भाऊंनी त्यावरून खाली छोटीशी उडी घेतली आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बॅग त्यांच्या अंगावरून गळून पडली. फाटली नाही. उघडली. छाती, कंबर, खांदे, सगळं टप टप टप सुटलं. मी हे हजार वेळा पाहिलं होतं. याच पद्धतीनं माझा राणीचा झगा विंगेत अंगावरून उतरायचा आणि खालून भिकारणीचं लुगडं निघायचं. भाऊंनी चारही बक्कलं उसवून तिथे टिचबटणं लावली होती. वरून देखण्या चामड्याच्या पट्ट्या, आत टिचबटण. एका झटक्यात मोकळं.

बॅग घरंगळत झुडपात गेली आणि जाताजाता तिची चेनही उघडली. तिच्यामागे तोल जाऊन भाऊ बसकन खाली बसले, गुडघा खरचटला. सदरे बाभळीवर, मोजे दगडावर, दाढीचं सामान माझ्या पायापाशी.

मी वर चढले. माझे गुडघे कसे आहेत ते माझ्या डॉक्टरांना विचारा, तरी चढले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं.

"अरे, उघडायची घाई कुणाला आहे?" मी म्हटलं. "तुला ही दिवसभर अंगावर ठेवायचीय. विंगेत कोण उभं आहे तुझ्यासाठी, दुसरा वेश घेऊन?"

भाऊ झुडपाकडे सरकले. काट्यातला सदरा दोऱ्याला धक्का न लावता सोडवत बसले. मी रागानं मोजे गोळा केले. बराच वेळ आम्ही दोघं म्हातारी त्या उतारावर कपडे वेचत होतो आणि येणारे-जाणारे बाजूनं जात होते.

मग ते बोलले. टिचबटणांबद्दल नाही.

दौऱ्यावरून घरी आलो, की दोन दिवस मिळायचे, ते म्हणाले. त्या दोन दिवसांत घरात काय उसवलंय, काय आखूड झालंय ते बघायचं. पोरीला समोर उभी करायची, माप घ्यायचं, शाळेच्या झग्याची दुमड सोडून तो लांब करून द्यायचा. तोवर पुढच्या दौऱ्याची गाडी दारात.

"तिची उंची मला दर वर्षाची इंचात माहीत आहे, बाई. बाकी काही माहीत नाही. तिच्याकडे एकवीस दिवस मी करू काय?"

माझा राग तिथेच बसला, पण गेला नाही; आता तो माझ्यावरही होता. ज्या सुट्ट्यांत हा माणूस घरी थांबायचा, त्यातल्या कितीतरी मी खाल्ल्या होत्या. झगा पायात येतो, गळा काचतो, मोती गळतात, भाऊंना बोलवा. आणि भाऊ येत. त्यांची पोर सात वर्षांची असताना तिच्या शाळेच्या समारंभाच्या दिवशी ते माझ्या पदराला सोनेरी किनार लावत होते. मी त्यांना पेढा दिला होता, एवढंच मला आठवतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनीच माझं सांत्वन केलं असतं आणि दिवस तसाच गेला असता. मी म्हटलं, "काय करू ते मला नका विचारू. तिला विचारा. आणि उद्या दुपारपर्यंत तिकीट निघालं नाही, तर मला तोंड दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टिचबटणं उसवून जुनी बक्कलं पुन्हा शिवली. सुदैवानं फेकली नव्हती. कपडेपटातून काही फेकलं जात नाही. दुकानदारानं शिवण पाहिली, चारी पट्टे ओढून पाहिले आणि म्हणाला, आता तुम्ही फाटाल पण ही नाही. तिकीट दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना निघालं. मुलीला त्यांनी फोनवर विचारलं का, ते मला ठाऊक नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

निघायच्या दिवशी मी विमानतळावर गेले. सोडायला नव्हे, पाठवायला. मध्येच मागे फिरले तर धरायला. भाऊंनी बॅग घरी मोजली होती, तीही मोकळी. भरल्यावर पोट सुटतं हे शिंप्याला कळू नये, याला काय म्हणावं. खिडकीशी लोखंडी चौकट होती, बॅग तीत बसली तरच बरोबर न्यायची. भाऊंनी बॅग घातली. दोन बोटं बाहेर. दाबली. दोन बोटं बाहेरच. खिडकीमागची बाई शांतपणे म्हणाली, की मग ही सामानात द्यावी लागेल.

मी तिला समजावलं, की चाळीस मिनिटांत विमान बदलायचंय. मग मी आवाज चढवला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. ती बाई नाट्यप्रेमी नव्हती. मागच्या रांगेतल्या माणसानं घड्याळ पाहिलं. भाऊ माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, की हा माणूस आता सुटकेचा निःश्वास टाकून म्हणणार, राहू द्या बाई, पुढच्या वर्षी.

"भाऊ," मी म्हटलं, "तिसऱ्या अंकाला किती वेळ आहे?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग बॅग उचलून खांबाआड गेले. मी खांबासमोर शाल पसरून उभी राहिले. पातळ सदरा आधी, मग जाड, कॉलरी आत, मग बिनबाह्यांचा स्वेटर, मग बाह्यांचा, मग कोट, पँटवर पँट. किती सेकंद गेले मी मोजले नाहीत, पण रांग एका माणसानंच पुढे सरकली होती. खांबाआडून जो गृहस्थ आला तो भाऊंपेक्षा दुप्पट रुंद होता. चालण्यातही त्यांनी जाड माणसाचा डौल आणला होता. बॅग चौकटीत अलगद उतरली.

खिडकीमागच्या बाईनं बॅगेकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, पुन्हा बॅगेकडे पाहिलं आणि चिठ्ठी बांधली.

भाऊंनी छातीचं बक्कल लावलं, कमरेचं लावलं, दोन्ही हातांनी, नीट. कपाळावर घाम होता. मला नमस्कार करायला वाकायचा प्रयत्न केला, पण एवढ्या कपड्यांत जमेना, तेव्हा नुसते हात जोडले आणि आत गेले. वळून पाहिलं नाही. मीही बोलावलं नाही.

बाहेर येऊन बाकावर टेकते न टेकते तोच मुलीचा फोन.

"मावशी, निघाले का हो बाबा?"

म्हटलं, निघाले. आता तू स्टेशनवर त्यांना बघशील तेव्हा घाबरू नकोस, सुजलेले नाहीत, अंगावर कपडे जास्त आहेत. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. त्यात ती हसली की काय केलं कोण जाणे, नाक ओढल्यासारखं वाटलं.

"आणि बॅग कुठली घेतली शेवटी?" ती म्हणाली.

"बये," मी म्हटलं, "बॅगेचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. माणूस येतोय, तो बघ."